मॉन्टगोमेरी काउंटीतल्या सरकारी मिडल स्कूल: निकाल, रेटिंग आणि मुलांची आकडेवारी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत दर उन्हाळ्यात नवी मराठी कुटुंबं येतात. कुणी पुण्याहून किंवा बंगळुरूहून, कुणी न्यू जर्सी किंवा टेक्सासमधून. मूल पाचवी-सहावीचं असलं की घर शोधण्याआधी शाळेचा शोध सुरू होतो आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी स्वतः इथला पालक आहे. शाळांच्या आकड्यांचा चुकीचा अर्थ लावून कुटुंबांनी झेपणार नाही एवढं कर्ज काढलेलं पाहिलं आहे, म्हणून जिथे गरज वाटली तिथे उत्तर लांबवलं आहे.

मिडल स्कूल म्हणजे कितवी ते कितवी? काउंटीत अशा शाळा किती?

सहावी, सातवी आणि आठवी. वय साधारण अकरा ते चौदा. काउंटीच्या सरकारी शाळांची एकूण संख्या दोनशेच्या वर आहे, त्यांत मिडल स्कूल ४० आहेत. सगळ्या इयत्ता मिळून मुलं साधारण १ लाख ६० हजार. मेरीलँडमधला हा सर्वांत मोठा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग.

न्यू जर्सीत प्रत्येक गावाचा वेगळा डिस्ट्रिक्ट असतो. इथे कसं आहे?

इथे पूर्ण काउंटी मिळून एकच डिस्ट्रिक्ट. मेरीलँडमध्ये २३ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर, असे एकूण फक्त २४ डिस्ट्रिक्ट आहेत. न्यू जर्सीत हा आकडा सहाशेच्या घरात जातो. त्यामुळे बेथेस्डातली श्रीमंत वस्ती, जर्मनटाउनमधली अपार्टमेंट आणि पूल्सव्हिलच्या शेतांमधली छोटी शाळा यांचं बजेट एक, अभ्यासक्रम एक, शिक्षकांची वेतनश्रेणीही एकच. "अमुक गावाचा डिस्ट्रिक्ट चांगला" हे न्यू जर्सीतलं वाक्य इथे लागू पडत नाही. फरक शाळाशाळांमध्ये आहे, आणि तो कशामुळे आहे हे समजून घेणं हाच खरा प्रश्न आहे.

या शाळांत मुलं कोणकोणती आहेत?

ढोबळमानाने एक तृतीयांश मुलं हिस्पॅनिक, पाव हिस्सा गोरी, एक पंचमांशाहून थोडी जास्त कृष्णवर्णीय, साधारण १४ टक्के आशियाई आणि उरलेल्यांत बहुतेक मिश्र वंशाची. कोणताच गट निम्म्यापर्यंत पोचत नाही. १९७० साली या काउंटीत दहापैकी नऊहून अधिक माणसं गोरी होती, यावरून पन्नास वर्षांत केवढा बदल झाला ते लक्षात येईल.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १० लाख ६२ हजार भरली आणि तीत गोरे (हिस्पॅनिक सोडून) साधारण ४० टक्के होते. शाळांत मात्र ते पाव हिस्साच. गोऱ्या लोकसंख्येचं सरासरी वय जास्त, काहींची मुलं खासगी शाळांत, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांत शाळेच्या वयाची मुलं जास्त. म्हणून वस्तीत फेरफटका मारून शाळेचा अंदाज बांधू नका. शाळेची आकडेवारी वेगळी पाहावी लागते.

हिस्पॅनिक म्हणजे इथे मोठ्या प्रमाणात एल साल्वादोरची कुटुंबं. सिल्व्हर स्प्रिंगच्या आसपास इथिओपियन समाज मोठा आहे, क्लार्क्सबर्ग-जर्मनटाउनच्या बाजूला भारतीय. मुलांच्या घरी मिळून दीडशेहून जास्त भाषा बोलल्या जातात.

प्रवेशाच्या फॉर्मवर वंश विचारतात. आपण काय लिहायचं?

"एशियन". यादीत "अमेरिकन इंडियन" असाही पर्याय असतो आणि घाईत त्यावर खूण करणारे नवे पालक दरवर्षी भेटतात. तो इथल्या मूळ निवासी जमातींसाठी आहे. भारतीय उपखंडातून आलेल्यांना केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एशियन गटात धरतात.

फॉर्ममध्ये आधी "हिस्पॅनिक आहात का" हा प्रश्न येतो आणि नंतर वंशाचा. पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर वंश कोणताही असो, मूल हिस्पॅनिक गटातच मोजलं जातं. रकाना कोरा सोडला तर शाळेतल्या कर्मचाऱ्याने पाहून अंदाजाने भरायचा असा केंद्राचा नियम आहे, तेव्हा स्वतःच भरलेला बरा. या उत्तराचा मुलाच्या वर्गाशी किंवा शिक्षकाशी काही संबंध नसतो.

घरची भाषा मराठी लिहिली तर मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात टाकतील, अशी भीती वाटते. "इंग्रजी" लिहावं का?

खरं तेच लिहा. मराठी लिहिल्याने एवढंच होतं की मुलाची इंग्रजीची चाचणी घेतली जाऊ शकते. भारतात इंग्रजी माध्यमात शिकलेली बरीच मुलं तिथेच मोकळी होतात. ज्यांना मदत हवी असते त्यांना ती मिळते, आणि सहावीत विज्ञान-समाजशास्त्राचे जाड धडे वाचताना ती मदत लागते. घरात मराठी बोललं जातं हे लपवण्यासारखं काहीही नाही, आणि मुलासमोर तसा संदेश तर मुळीच जाऊ नये.

याचा आकडेवारीशीही संबंध आहे. "इंग्रजी शिकणारे" या गटाचा निकाल प्रत्येक शाळेत फार कमी दिसतो आणि पालक दचकतात. पण मुलाचं इंग्रजी पक्कं झालं की ते या गटातून बाहेर पडतं. गटात उरतात ती नुकतीच आलेली किंवा अजून धडपडणारी मुलं. त्यामुळे या गटाचा निकाल वर जायला मर्यादा आहे. खरी माहिती दुसऱ्या आकड्यात असते: वर्षभरात किती मुलांच्या इंग्रजीत अपेक्षित प्रगती झाली. तो आकडाही राज्य प्रसिद्ध करतं.

"फार्म्स" टक्केवारी म्हणजे काय?

मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण. कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. शाळेत गरीब घरांतली मुलं किती, हे मोजायला अमेरिकेत वर्षानुवर्षं हाच आकडा वापरतात. काउंटीचं प्रमाण साधारण चाळीस टक्के किंवा थोडं जास्त आहे. बेथेस्डाच्या पाइल मिडल स्कूलमध्ये ते एक आकडी राहतं, जर्मनटाउनच्या नील्सव्हिलमध्ये निम्म्याहून बरंच वर जातं. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, अर्ध्या तासाच्या अंतरावर, एवढी तफावत.

हा आकडा आता पूर्वीइतका नेमका राहिलेला नाही. काही शाळांत सगळ्याच मुलांना मोफत जेवण देण्याची केंद्राची योजना आहे. २०२३ मध्ये तिची अट शिथिल झाली आणि अशा शाळा वाढल्या. तिथे उत्पन्नाचे फॉर्म गोळा होत नाहीत. सरकारी अन्नमदत किंवा मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या कुटुंबांच्या यादीवरून मोजणी होते. ज्यांना कागदपत्रांअभावी या योजनांचा लाभच घेता येत नाही ती कुटुंबं मोजणीतून निसटतात. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून "शाळेत गरिबी वाढली" किंवा "कमी झाली" म्हणण्याआधी मोजण्याची पद्धत तीच होती का, हे पाहा.

शाळांचे निकाल कोणत्या परीक्षेवर ठरतात?

"एमकॅप" या राज्य परीक्षेवर. तिसरी ते आठवी दरवर्षी इंग्रजी आणि गणित, आठवीत त्याशिवाय विज्ञान आणि समाजशास्त्र. परीक्षा वसंतात होते आणि राज्याचे एकत्रित निकाल उन्हाळ्याच्या शेवटी येतात. निकालाचे चार स्तर आहेत आणि वरच्या दोहोंतल्या मुलांना "प्रवीण" धरतात. राज्यभरात इंग्रजीत साधारण निम्मी मुलं प्रवीण ठरतात, गणितात साधारण पाव.

आपल्याकडच्या पास-नापासाशी याची तुलना करू नका. या परीक्षेवरून मिडल स्कूलमध्ये कुणालाही मागे ठेवत नाहीत. प्रावीण्याची रेषा मुद्दाम उंच ठेवलेली आहे, त्यामुळे ४५ टक्के निकाल म्हणजे "पंचावन्न टक्के मुलं नापास" असा अर्थ होत नाही.

आठवीच्या गणिताचा निकाल इतका भीषण कसा? चांगल्या शाळांतही?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा पालक विचारतो, आणि उत्तर कळलं की बाकीचे आकडेही वेगळ्या नजरेने वाचता येतात.

राज्यभरात आठवीच्या गणितात प्रवीण ठरणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे. पण आठवीच्या गणिताची परीक्षा देतं कोण? जी मुलं सातवीत किंवा आठवीत अल्जेब्रा-१ (हायस्कूल पातळीचं बीजगणित) घेतात, ती त्या वर्षी अल्जेब्राची राज्य परीक्षा देतात. इयत्तेची परीक्षा त्यांच्यासाठी नसते. मॉन्टगोमेरीत अल्जेब्रा लवकर घेणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. म्हणजे "आठवी गणित" या ओळीत वर्गातली गणितात पुढे असलेली मुलं धरलेलीच नाहीत. जी शाळा जास्त मुलांना अल्जेब्राकडे नेते, तिचा आठवीचा निकाल उलट आणखी खाली दिसू शकतो.

म्हणून दोन्ही ओळी सोबत वाचा. आठवीतल्या किती मुलांनी अल्जेब्रा-१ ची परीक्षा दिली आणि त्यांतली किती प्रवीण ठरली, यावरून शाळेच्या गणिताचा अंदाज येतो. एक ओळ वाचून शाळेला नावं ठेवू नका.

घराच्या जाहिरातीखाली दिसणारं दहापैकी रेटिंग कितपत खरं?

झिलोसारख्या घरं शोधायच्या साइटवर दिसतं ते ग्रेटस्कूल्स या संस्थेचं रेटिंग. आकडा खोटा नसतो. त्यात परीक्षेचे निकाल असतात, मुलांची प्रगतीही काही प्रमाणात धरलेली असते. अडचण अशी की लोक त्या आकड्याला "शिकवण्याचा दर्जा" समजतात, आणि त्यात मुलांच्या घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. "अ" शाळेत ८० टक्के मुलं सुस्थितीतल्या घरांतली आहेत, २० टक्के गरीब घरांतली. सुस्थितीतल्या मुलांपैकी ७५ टक्के प्रवीण, गरीब घरांतल्यांपैकी ३५ टक्के. शाळेचा एकूण निकाल ६७ टक्के. "ब" शाळेत सुस्थितीतली मुलं ४० टक्के, गरीब घरांतली ६० टक्के. इथे पहिल्या गटातले ७८ टक्के प्रवीण, दुसऱ्यातले ३८ टक्के. म्हणजे दोन्ही गटांत "ब" पुढे आहे. तरी तिचा एकूण निकाल येतो ५४ टक्के. जाहिरातीत "अ" चा आकडा मोठा दिसणार आणि तिच्या हद्दीतलं, म्हणजे ज्या भागातली मुलं त्या शाळेत जातात तिथलं, घर महाग विकलं जाणार, पण तुमचं मूल कोणत्याही परिस्थितीतलं असलं तरी त्याच्यासारखी मुलं "ब" मध्ये किंचित बरी करताहेत.

प्रत्यक्षातल्या शाळा इतक्या सरळ दोन रकान्यांत बसत नाहीत हे मान्य. पण एकच आकडा पाहून घर घेणारा माणूस नेमकी हीच गल्लत करत असतो. तुमच्या मुलासारख्या मुलांचं त्या शाळेत काय होतं, ते पाहा. राज्याच्या रिपोर्ट कार्डवर (राज्य प्रसिद्ध करतं ती शाळांची गुणपत्रिका) प्रत्येक शाळेचा निकाल गटवार दिलेला असतो, विनामूल्य.

मग राज्य प्रत्येक शाळेला पाचपैकी जे तारे देतं, ते जास्त भरवशाचे का?

थोडे जास्त, कारण त्यांत एका वर्षाच्या निकालाशिवाय मुलांनी किती प्रगती केली, इंग्रजी शिकणारे किती पुढे गेले, मुलं किती गैरहजर राहतात आणि शाळेच्या वातावरणाबद्दल मुलांचं-शिक्षकांचं मत काय, हेही धरतात. गैरहजेरीचा निकष वर्षाच्या दहा टक्के दिवसांचा आहे, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. तुमचं मूलही या आकड्यात मोजलं जाऊ शकतं.

चार तारे आणि तीन तारे यांच्यात रेषेवरचा फरक असू शकतो, म्हणून ताऱ्यांच्या आतले वेगवेगळे गुण उघडून पाहा. मी स्वतः सर्वांत आधी प्रगतीचा आकडा पाहतो. मूल कुठून निघालं हे शाळेच्या हातात नसतं, पण वर्षभरात ते कुठे पोचलं यात शाळेचा हात मोठा असतो.

काही गटांच्या निकालात आकड्याऐवजी चांदणी दिसते. शाळा काही लपवते आहे का?

नाही. गटात दहापेक्षा कमी मुलं असतील तर मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात. फार वरचे आणि फार खालचे निकालही "९५ टक्के किंवा जास्त", "५ टक्के किंवा कमी" असेच दाखवतात.

आशियाई मुलं जास्त असलेली शाळा शोधावी का?

मुलाला आपल्यासारखी दोन-चार मुलं वर्गात भेटावीत ही इच्छा समजण्यासारखी आहे, विशेषतः मूल भारतातून थेट सहावीत येत असेल तर. क्लार्क्सबर्गच्या बाजूला किंवा रॉकव्हिल-पोटोमॅकमध्ये ते सहज मिळेल. पण अनेकांच्या मनात या प्रश्नाचा दुसरा अर्थ असतो: आशियाई जास्त म्हणजे अभ्यास जास्त. तो निष्कर्ष चुकीचा आहे. "आशियाई" या एका रकान्यात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञाची मुलगी आहे आणि हॉटेलात दोन पाळ्या करणाऱ्या कुटुंबातला मुलगाही आहे. रकान्याची टक्केवारी वर्गात काय शिकवलं जातं ते सांगत नाही.

आणि स्पष्टच लिहितो. "तिकडे हिस्पॅनिक फार आहेत" किंवा "काळे फार आहेत" ही वाक्यं आपल्या गटांत सहज टाकली जातात. ती वाईट आहेत आणि माहिती म्हणूनही निरुपयोगी आहेत. तुमचं मूल उद्या त्याच मुलांच्या शेजारी बसणार आहे.

गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळेत माझं मूल मागे पडेल का?

शिकलेले, घरी लक्ष देणारे पालक असतील तर मुलाच्या स्वतःच्या निकालावर घराचाच प्रभाव जास्त राहतो. पाहायचं ते हे की वरच्या पातळीचे वर्ग त्या शाळेत खरोखर चालतात का आणि भरतात का. काउंटीने गेल्या काही वर्षांत वेगाच्या गणिताचे आणि समाजशास्त्राचे समृद्ध वर्ग मॅग्नेट शाळांबाहेरच्या (मॅग्नेट म्हणजे विशिष्ट विषयांचा खास कार्यक्रम असलेल्या शाळा) मिडल स्कूलमध्येही सुरू केले आहेत.

उलट प्रश्न कुणी विचारत नाही, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मिश्र शाळेने गरीब मुलाचं काय होतं? त्याचं उत्तर याच काउंटीने दिलं आहे. १९७४ पासून इथे असा कायदा आहे की मोठा गृहप्रकल्प बांधताना बिल्डरने ठरावीक हिस्सा घरं कमी दरात द्यायची. त्यातली काही घरं काउंटीची गृहनिर्माण संस्था विकत घेऊन गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कोणत्या कुटुंबाला कोणत्या वस्तीतलं घर मिळेल हे बरंचसं चिठ्ठीसारखं ठरतं. अभ्यासक हेदर श्वार्ट्झ यांनी २००१ ते २००७ या काळात अशा घरांतल्या साडेआठशेवर प्राथमिक शाळकरी मुलांचे निकाल पाहिले. सुस्थितीतल्या मुलांच्या शाळांत गेलेली मुलं, जादा निधी मिळालेल्या पण गरिबी जास्त असलेल्या शाळांतल्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला आणि देशभर चर्चिला गेला.

म्हणून हद्दी बदलण्याच्या बैठकांत "आमच्या शाळेत बाहेरची मुलं नकोत" असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपली माणसं उभी राहिली की वाईट वाटतं. आपणही इथे बाहेरूनच आलो आहोत.

मॅग्नेट मिडल स्कूल काय असतात?

टकोमा पार्कमध्ये गणित-विज्ञान-संगणक, ईस्टर्नमध्ये भाषा-साहित्य-संवाद हे जुने कार्यक्रम. काउंटीच्या वरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या भागातल्या मुलांसाठी क्लेमेंटे आणि मार्टिन लूथर किंग ज्युनियर या शाळा. याशिवाय आर्गाइल, लॉयडरमन आणि पार्कलँड या तीन शाळांत डिजिटल रचना, कला आणि एरोस्पेस असे विषय आहेत.

पहिल्या गटातल्या शाळांत पूर्वी प्रवेश परीक्षा होती. कोविडमध्ये ती घेता आली नाही, तेव्हापासून पाचवीतले गुण आणि चाचण्या पाहून पात्र मुलांची यादी करायची आणि त्यातून सोडत काढायची अशी पद्धत आली. तुलना करताना मुलाच्या शाळेतल्या गरिबीचं प्रमाणही पाहतात. या बदलांविरुद्ध आशियाई पालकांच्या एका संघटनेने २०२० मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला होता, तो २०२२ मध्ये फेटाळला गेला. नियम पुढेही बदलतील, तेव्हा मागच्या वर्षीच्या पालकाचा सल्ला या वर्षी तसाच घेऊ नका. नाव निघालं नाही म्हणजे मूल कमी, असं मुळीच नाही. सोडत ती सोडत.

आकड्यांसाठी एक सूचना: मॅग्नेट शाळेचा एकूण निकाल मॅग्नेटच्या मुलांनी वर ओढलेला असतो. केवळ हद्दीत राहतात म्हणून तिथे जाणाऱ्या मुलांचा अनुभव त्या सरासरीत दिसत नाही.

पत्त्यात गेदर्सबर्ग आहे म्हणजे गेदर्सबर्ग मिडल स्कूलच मिळेल ना?

नक्की नाही. टपालाचा पत्ता आणि शाळेची हद्द या वेगळ्या गोष्टी आहेत. गेदर्सबर्ग पत्त्याची मुलं चार-पाच वेगवेगळ्या हायस्कूलांकडे जातात. काही मिडल स्कूलची मुलंही पुढे विभागली जातात, लेकलँड्स पार्कची काही क्विन्स ऑर्चर्डला, काही नॉर्थवेस्टला. लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर घर क्रमांकासह पत्ता टाकून पाहा. हद्दीही कायमच्या नसतात. २०१९ मध्ये क्लार्क्सबर्ग, नॉर्थवेस्ट आणि सेनेका व्हॅली या हायस्कूलांच्या हद्दी बदलल्या तेव्हा फक्त शाळेसाठी घर घेतलेल्या कित्येकांची शाळा बदलली.

शाळेला भेट देताना किंवा फोन करताना काय विचारावं?

आधी राज्याच्या रिपोर्ट कार्डवर शाळा उघडा, मग डिस्ट्रिक्ट दरवर्षी काढतं ती प्रत्येक शाळेची माहितीपत्रिका पाहा. तिच्यात वर्गातली सरासरी संख्या, शिक्षकांचा अनुभव, मुलांचे गट हे सगळं एका ठिकाणी मिळतं. किमान तीन वर्षांचे आकडे घ्या, कोविडच्या काळातले सोडून.

मग काउन्सेलरला विचारा: सहावीत वेगाच्या गणितात मुलाला घालण्याचा निर्णय कशावर घेता, आणि भारतातून आलेल्या मुलाकडे इथल्या चाचण्यांचे गुण नसतील तर काय करता? आठवीतली किती मुलं अल्जेब्रात आहेत, आणि त्यात सगळ्या गटांतली मुलं आहेत का? वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कुणाची सोबत देता? संध्याकाळची बस आहे का, म्हणजे दोन्ही पालक नोकरी करत असले तरी मूल क्लबला थांबू शकेल? इंग्रजी कमी येणारे आजी-आजोबा शाळेत आले तर फोनवर मराठी दुभाषा मिळण्याची सोय आहे का, हेही विचारून ठेवा.